बुजवलेली कपार

मी खडक आहे आणि खोटा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे काचेला नाक लावून तुम्हाला एकमेकांना सांगत बसायला नको, की अरे, हा खरा नाही, आतून पोकळ आहे. आहे पोकळ. वर सिमेंट, त्याखाली तारेची जाळी, जाळीखाली सळयांचा सांगाडा. खोटं असण्याची मला लाज वाटत नाही. पण मला राग आहे. तो दुसऱ्याच गोष्टीचा आहे, आणि तो सांगायलाच मी बोलतोय.

छत्रपती संभाजीनगर संपून जिथं टेकड्या लागतात, तिथं नवीन प्राणी उद्यान झालं. त्यातल्या बिबट्याच्या आवारात मी उभा आहे. समोर जाड काच, काचेपलीकडं तुम्ही. मागं लोखंडी सरकतं दार आणि दारामागं जनावराची रात्रीची खोली. मधे मी, आणि माझी पाठ कामगारांच्या मागच्या बोळात निघते.

मला घडवलं निशानं. बुटकी, सावळी, चटकन तापणारी बाई. इथल्याच कला महाविद्यालयात ती शिल्पकला शिकली. तिच्याच वर्गात इंद्रजीत होता. बागायतदार घरचा मुलगा. वडिलांची जमीन, काकांच्या ओळखी, स्वतःची गाडी. मातीत त्याचा हात फारसा चालायचा नाही, पण माणसांत जीभ चालायची. शिक्षण संपल्यावर दोघांनी मिळून धंदा काढला. कामं आणायची इंद्रजीतनं आणि करायची निशानं. चिकलठाण्याच्या बाजूला त्यांची पत्र्याची शेड होती. लग्नाच्या लॉनवरचे धबधबे, हॉटेलातल्या गुहा, दारात उभी करायची फायबरची हरणं, असलं सगळं ते करायचे. भांडायचेही पुष्कळ, पण डबा एकाच ठिकाणी बसून खायचे. निशाच्या आईच्या हातचा ठेचा इंद्रजीत मागून न्यायचा.

निशाला त्या धबधब्यांचा कंटाळा आला होता. नवरानवरी समोर उभे राहतात, फोटो काढतात आणि जातात. दगडाकडं कुणी बघत नाही, असं ती म्हणायची. प्राणी उद्यानाचं काम आलं तेव्हा ती हरखली. पहिल्यांदाच तिच्या दगडात कुणीतरी राहणार होतं.

माझं मूळ खुलताबादच्या डोंगरात आहे. निशा तिथं उन्हातान्हात कडे बघत हिंडली. शेवटी एक कडा तिच्या मनात भरला. काळा दगड, मधूनच विटेसारखा लाल पट्टा, सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं, आणि पावसाचं पाणी उतरून पडलेले पांढरे ओघळ. तिनं तो ब्रशनं घासून धुतला. त्यावर पातळ रबराचे थर चढवले, वाळू दिले आणि साल काढावी तशी ती अख्खी कातडी सोलून घेतली. शेळ्या घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, बाई, डोंगराचं काय माप घेता का? निशा म्हणाली, व्हय मामा, शिवायला टाकायचाय. म्हातारा बराच वेळ हसत होता. त्या कातडीच्या साच्यातून माझं अंग उमटलं. म्हणून मी म्हणतो, मी खोटा असलो तरी बेवारस नाही.

माझ्यात जी राहणार होती ती सोयगावकडून आली होती. बिबट्याची मादी. रानडुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासात तिचा पुढचा पाय अडकला होता. पाय वाचला, पण अधू झाला. शिकार जमणार नाही म्हणून रानात सोडता येईना. नवीन आवार तयार होईपर्यंत तिला एका जुन्या पिंजऱ्यात ठेवलं होतं. तिची देखभाल कडुबा करायचा. तोही सोयगावकडचाच, पन्नाशीचा, कमी बोलणारा. पुढं उद्यानानं लोकांची मतं मागवून तिला एक नाव दिलं आणि बोर्डावर रंगवलं. कडुबानं ते कधी उच्चारलं नाही. तो तिला मालन म्हणायचा.

काम सुरू करायच्या आधी निशा मालनला बघायला गेली. ही हकीकत मी तिच्याच तोंडून ऐकली, ती कडुबाशी बोलताना. जुना पिंजरा चारी बाजूंनी उघडा होता, नुसते गज. मालन पाण्याच्या हौदाआड डोकं घालून पडली होती. अंग सगळं बाहेर, फक्त डोकं आड. निशा तिथंच खाली बसली. तिला आपलं लहानपण आठवलं. त्यांचं घर एका खोलीचं, दार थेट गल्लीत उघडणारं. येणारा-जाणारा सहज आत डोकावायचा. कपडे बदलायचे तर आई, पारूबाई, दोरीवर लुगडं टाकून आडोसा करायची आणि स्वतः पुढं उभी राहायची. त्या आडोशामागं मी माणूस असायचे, निशा म्हणाली, बाकी दिवसभर नुसती दिसणारी पोरगी.

म्हणून तिनं माझ्या पोटात कपार केली.

तशी ती नकाशात होती, पण नावापुरती. निशानं ती खोल केली. तोंड अरुंद ठेवलं, आतला रस्ता वाकडा नेला, म्हणजे काचेपलीकडून कुणी कितीही वाकून बघितलं तरी नजर पहिल्या वळणावर अडावी. आतली जमीन तिनं हातानं गुळगुळीत केली. सिमेंट ओलं असताना थापीनं तळाशी थोडा खोलगट भाग दाबला, अंग दुमडून पडणाऱ्या जनावरासाठी. मग सुकल्यावर स्वतः आत शिरून आडवी झाली. बाहेरून इंद्रजीत हाका मारत होता, तरी ती उत्तर देईना. बाहेर आली तेव्हा केसांत सिमेंट होतं आणि तोंडावर हसू. आतून तू दिसत नाहीस, ती म्हणाली. इंद्रजीतनं हात जोडले. तुला काय करायचं ते कर, बाहेरून भारी दिसलं म्हणजे झालं, असं म्हणून तो फोनवर बोलत निघून गेला.

मग तिनं मला रंगवलं. शहागंजातल्या रंगाच्या दुकानातून तिनं पुड्या आणल्या होत्या. गेरू, काजळी, पिवळी माती. पातळ पाण्यात कालवून ती रंग माझ्यावर सोडायची, ओघळू द्यायची, फडक्यानं टिपायची, पुन्हा सोडायची. खालच्या अंगाला शेवाळाची हिरवट झाक दिली. पक्ष्यांनी बसून घाण करावी तसे पांढरे डागही टाकले, आणि तेव्हा स्वतःशीच हसली. उरलेले रंग झाकणं लावून तिनं शेडमधे ठेवून दिले. त्याच रंगांनी पुढं काय केलं ते ऐका.

मालन आली. सरकतं दार उघडलं, तिनं बाहेर तोंड काढलं, लंगडत एक फेरी मारली, माझा वास घेतला आणि सरळ कपारीत शिरली. मी तोवर सळया सोसल्या होत्या, सिमेंटचा मारा सोसला होता, ऊन सोसत होतो. पण जिवंत अंगाची ऊब मला पहिल्यांदा कळली. निशानं दाबलेल्या त्या खोलगट जागेत ती अंग दुमडून पडली आणि झोपली. कडुबा मागच्या झरोक्यातून बघत होता. तो निशाला म्हणाला, "आल्यापासून ही अशी निवांत झोपलेली म्या बघितली नव्हती."  निशानं माझ्या पाठीवर तळहात टेकवला आणि तसाच ठेवला.

उद्घाटनाला मंडप पडला, हारतुरे आले. पाहुणे काचेसमोर उभे राहिले. आवारात मी होतो, गवत होतं, पाण्याचं डबकं होतं. मालन नव्हती. ती आत होती. एवढे भोंगे आणि एवढी माणसं असताना कोणतं शहाणं जनावर बाहेर येईल? पाहुण्यांनी घड्याळं बघितली. फोटोवाल्यांनी माझेच फोटो काढले. उद्यानाचे मोठे साहेब घाम पुसत होते. पुढंही तसंच. उन्हं उतरली की मालन बाहेर यायची, पाणी प्यायची, माझ्या माथ्यावर चढून टेकड्यांकडं बघत बसायची. पण तोवर फाटक बंद झालेलं असायचं. दिवसा लोक यायचे आणि काच बडवायचे. पोरं रडायची. तिकीट घेतलंय, जनावर दाखवा, म्हणून मोठी माणसं तिकीट खिडकीवर भांडायची. कुणीतरी माझा व्हिडिओ काढून टाकला, की बघा, बिबट्याच्या नावाखाली दगड दाखवतात.

साहेबांनी इंद्रजीतला बोलावून घेतलं. हे बोलणं माझ्यासमोर, काचेपुढं उभं राहून झालं. साहेब ओरडले नाहीत. अस्वलाचं, तरसाचं आणि कोल्ह्याचं आवार अजून द्यायचं बाकी आहे, एवढंच म्हणाले. जनावर दिसलं पाहिजे, मग कसं ते तुमचं तुम्ही बघा. इंद्रजीतनं मान हलवली. तो बराच वेळ माझ्या कपारीकडं बघत उभा राहिला. त्याला सगळं कळत होतं, हे मी त्याच्या चेहऱ्यावर वाचलं. म्हणूनच त्याच्यावर माझा जास्त राग आहे. न कळणाऱ्यावर मी रागावत नाही.

सोमवारी उद्यान बंद असतं. अशाच एका सोमवारी मालनला मागच्या खोलीत कोंडलं. दुसरेच कामगार आले, मी त्यांना ओळखत नव्हतो. त्यांनी कपारीच्या तोंडाला सळया लावल्या, जाळी बांधली आणि सिमेंट मारलं. वर निशाचे ते उरलेले रंग फासले. जमेल तसं माझ्यासारखं दिसेल असं केलं. माझंच अंग, माझाच रंग, आणि माझ्याच तोंडात कोंबलेला बोळा. मला हात असते तर मी काय केलं असतं ते सांगत नाही. खडकाला हात देत नाहीत.

निशा त्या दिवसांत शेडमधे अस्वलाच्या आवाराचे साचे करत होती. तिला काही कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालनला सोडलं. ती लंगडत आली, नेहमीच्या जागी गेली आणि थांबली. वास घेतला. एक पंजा लावला. मग दोन्ही पंजे लावून खरवडायला लागली. अधू पाय मधेच घसरायचा, ती पुन्हा उचलून लावायची. काचेपलीकडं गर्दी वाढत गेली. बिबट्या दिसला होता ना! लोकांनी पोरांना खांद्यावर घेतलं. बघ बाळा, कसा खेळतोय. खेळतोय! नखं तुटून माझ्यावर रक्ताचे फराटे उमटले आणि ते लाल पट्ट्यात मिसळून गेले. कुणाला दिसले नाहीत. निशाचा रंग इतका चांगला होता.

पुढं तिनं खरवडणं सोडलं. ती काचेपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, भिंतीला तोंड लावून पडायची. लोकांना तेही चालेना. ते काचेवर नाणी वाजवायचे. एकानं वरच्या कठड्यावरून पाण्याची बाटली टाकली. ती दचकून उठली की टाळ्या. जनावरांच्या डॉक्टर संध्या मॅडम तपासणीला यायच्या. त्यांनी नखं बघितली, साहेबांना सांगितलं. शाळांच्या सुट्ट्या संपू द्या, मग बघू, असं उत्तर आलं आणि त्या गप्प बसल्या. कडुबालाही गप्प बसवलं गेलं. त्यानं निशाला फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. त्याला वाटलं, हे निशानंच केलंय. रंग तिचा होता. ज्या बाईनं पोटात जागा केली तिनंच ती बुजवली, असं धरून तो आतल्या आत जळत राहिला.

निशा आली ती एका रविवारी, आईला घेऊन. पारूबाईनं जन्मभर शाळेत पोरांची खिचडी शिजवली, आता घरी असते. लेकीनं केलेला डोंगर बघायचा म्हणून ती इस्त्रीचं लुगडं नेसून आली होती. आत आल्यावर निशा पाण्याची बाटली घ्यायला थांबली, तोवर पारूबाई गर्दीतून वाट काढत काचेशी पोचली. आधी तिनं मला डोळे भरून पाहिलं, खालपासून वरपर्यंत. मग तिची नजर कोपऱ्यात गेली. निशा येईपर्यंत ती तिकडंच बघत होती.

"निशे," ती म्हणाली, "ही अशी भिंतीकडं तोंड करून का बसलीय? तू तर म्हनली व्हतीस, आत खोली हाय तिला."

निशानं माझ्याकडं पाहिलं. कपारीची जागा शोधली. सापडेना. आपल्याच कामाकडं ती अनोळखी माणसासारखी बघत राहिली. शेजारी एक माणूस काचेवर किल्ली वाजवत होता. निशानं त्याचा हात धरला आणि खाली केला. तो काहीतरी बोलला, तिनं ऐकलंसुद्धा नाही. आईला बाकावर बसवून ती मागच्या दाराकडं गेली.

कडुबा बादल्या विसळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"आता काय बुजवायचं राहिलं, मॅडम?" तो म्हणाला.

हे कुणी केलं, असं निशानं विचारलं. रंग तर तुमचाच हाय, कडुबा म्हणाला. मग त्यानं वर पाहिलं, तिचा चेहरा पाहिला आणि त्याच्या हातातली बादली तशीच राहिली. त्याला उलगडलं. तिलाही.

तिनं इंद्रजीतला तिथंच बोलावून घेतलं. तो गाडी घेऊन आला, मागच्या बाजूनं आत आला, आणि माझ्या पाठीशी दोघं उभे राहिले. इंद्रजीतनं काही नाकारलं नाही. साहेबांचं सांगणं होतं, तीन आवारं हातची जात होती, ती गेली असती तर शेडमधल्या सगळ्या पोरांना घरी पाठवावं लागलं असतं, हे त्यानं शांतपणे सांगितलं. तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस, असंही म्हणाला. जनावर आहे, सवय होईल. सुट्ट्या संपल्या की पुन्हा उघडू, माझा शब्द.

निशानं विचारलं, तिची नखं बघितलीस का?

तो एवढंच म्हणाला, "लोक बिबट्या बघायला येतात, निशा. दगड बघायला नाही येत कुणी."

"मग जुना पिंजराच बरा होता," निशा म्हणाली. "तो पिंजरा आहे हे तो लपवत तरी नव्हता. माझ्याकडून डोंगर करून घेतलास आणि त्याचा पिंजरा केलास."

 घरी चल, आई बाहेर उन्हात बसलीय, असं इंद्रजीतनं म्हणून पाहिलं. पारूबाईला घरी सोडायची त्यानं तयारी दाखवली. निशानं ते नको म्हटलं. त्या दिवशी मायलेकी रिक्षानं गेल्या.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. निशा सकाळीच आली, खांद्याला पिशवी आणि पिशवीत छन्नी-हातोडा. रखवालदाराला वाटलं, रंगाचं काही राहिलं असेल, त्यानं सोडलं. कडुबानं न विचारता मालनला मागच्या खोलीत घेतलं, सरकतं दार लावलं, कुलूप ओढून बघितलं आणि निशाला आत जाऊ दिलं. आपली नोकरी जाऊ शकते हे त्याला माहीत होतं. 

पहिला घाव बसला तेव्हा मी हादरलो. सांगाड्यातून आवाज घुमत गेला. तुम्हाला वाटेल, दुखलं असेल. घशात अडकलेलं हाड कुणी काढताना जसं दुखतं तसं दुखलं. त्या कामगारांनी सिमेंट दाबून भरलं होतं. निशाच्या कपाळावरून घाम आणि धूळ एक होऊन वाहत होती. ती न थांबता मारत होती. हातोडा निसटून एकदा तिच्याच बोटावर बसला, तिनं बोट तोंडात धरलं, पुन्हा छन्नी उचलली.

आवाजानं रखवालदार धावला, त्यानं साहेबांना कळवलं, साहेबांनी इंद्रजीतला. दोघं आले. मागोमाग संध्या मॅडमही आल्या, त्या दिवशी त्यांची तपासणी होती. साहेब दारातूनच म्हणाले, ही सरकारी मालमत्ता आहे, मी पोलिसांत देईन. निशा थांबली नाही. मग इंद्रजीत आत आला आणि त्यानं तिचं मनगट धरलं.

"सोड," निशा म्हणाली.

आवाज चढा नव्हता. इंद्रजीतनं सोडलं. इतक्या वर्षांत त्यानं तिचा राग खूप वेळा पाहिला होता. हा तो नव्हता.

निशा साहेबांकडं वळली. "पोलिसांना बोलवा. मी बनवलं, मी फोडतेय, असं लिहून घ्या. आणि बुजवायला कुणी सांगितलं, त्याचंही नाव लिहा."

 हुकूम तोंडी होता. तो साहेबांनी तोंडातच गिळला. इंद्रजीतकडं पाहिलं, इंद्रजीत माझ्याकडं बघत होता. तेव्हा संध्या मॅडम पुढं आल्या. त्या आधी गप्प होत्या, हे मी विसरलेलो नाही. पण आता त्या बोलल्या. नखांत पू झालाय, जनावर खाणं टाकतंय, कपार उघडी राहिली नाही तर हे मला वर कळवावं लागेल, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. साहेब म्हणाले, मी कुठं नाही म्हणतोय. आणि निघून गेले.

निशानं उरलेलं फोडलं. जाळी पकडीनं कापली, सळया वाकवून बाजूला केल्या. मालनला लागतील अशी टोकं एकेक करून आत दाबली. कडेचा सिमेंटचा भाग खरखरीत, राखाडी राहिला. त्याला घासून रंग द्यायला हवा होता. पण तेवढा वेळ तिला कुणी दिला नाही. इंद्रजीत म्हणाला, आता आपलं संपलं, निशा. ती म्हणाली, ते तू हे बुजवलंस तेव्हाच संपलं. त्यानंतर तो तिच्या घरी गेला नाही, ठेचा मागायलाही नाही. एका वर्गात बसलेली, एका डब्यातलं खाल्लेली माणसं अशी तुटली. त्याचाही मला राग आहे, आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही.

निशा बाहेर पडल्यावर कडुबानं दार सरकवलं. मालन आली. माझ्यापाशी येऊन थबकली. फुटलेल्या कडेचा वास घेतला, तुकडे पायानं बाजूला केले. मग मान खाली घालून आत गेली. पहिल्या वळणावर तिची शेपटी दिसेनाशी झाली. काचेपलीकडं निशा उभी होती. ती रडली नाही. हातोडा पिशवीत टाकून, बोटाला रुमाल गुंडाळून, ती रस्त्यापर्यंत चालत गेली.

पोलिसांत कुणी गेलं नाही. पण हिशेब चुकते झाले. कडुबाची बदली हरणांकडं झाली. तो आता मालनपाशी येऊ शकत नाही. येता-जाता लांबून खाकरतो, ती आतून कान टवकारते. निशाला उद्यानाचं काम पुन्हा मिळालं नाही. ती स्वतःच्या नावानं लहानसहान कामं करते. मोठी कामं आणायला लागतात त्या ओळखी तिच्याकडं नाहीत. आणि बाकीची तिन्ही आवारं इंद्रजीतनं केली. बाहेरगावाहून माणसं आणून केली. चांगली दिसतात. समोरच्या अस्वलाच्या आवारात माझा एक धाकटा भाऊ आहे. त्याच्या पोटातही कपार दिसते, लांबून अगदी माझ्यासारखी. ती कपार नाही. सपाट भिंतीवर फासलेला काळा रंग आहे. अस्वल पहिल्या दिवशी त्या काळ्यात शिरायला गेलं आणि नाक आपटून मागं आलं. काचेपलीकडं हशा पिकला. त्याचा व्हिडिओ तुम्ही कदाचित बघितलाही असेल.

मी हे सगळं बघतो. रोज बघतो. ऊन माझ्या माथ्यावर तापतं, थंडीत माझ्या अंगाला बारीक भेगा पडतात, रंग ठिकठिकाणी उडालाय. निशाला आत येऊ देत नाहीत, म्हणून डागडुजी होत नाही. एखाद्या पावसाळ्यात माझा एक तुकडा निखळेल, मग कुणीतरी म्हणेल, काम कच्चं होतं. म्हणू द्या. जोवर मी उभा आहे तोवर माझ्या पोटात ती झोपते, आणि तिची नखं पुन्हा वाढली आहेत.

आज पुन्हा सुट्टी आहे. सकाळपासून काच बडवणं चाललंय. एक बाप पोराला सांगतोय, जोरात मार, म्हणजे येईल बाहेर. मी त्या बापाला सांगतो, तुम्हालाही सांगतो. तुम्ही तिकीट काढलंत ते दारातून आत यायचं. तिनं दिसावं याचं तिकीट कुणी विकलेलं नाही, आणि विकलं असेल तर ज्यानं विकलं त्याच्याकडं जा. ती कुठल्या बाजूला तोंड करून झोपली आहे हे मला माहीत आहे, आणि मी ते सांगणार नाही.

काचेवरचा हात काढा. पोराचाही काढा. ती आत आहे, तिला बाहेर यायचं नाही. घरी जा.